कांद्याचे खांदे

“मिशी लावा पैजेला!” सलूनवाला वस्तरा हवेत नाचवत ओरडला. “चहाबिहा काही नको. चहा तुम्ही तसाही रोज माझ्याच जिवावर पिता.”

रविवारची सकाळ होती. त्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही नेहमीचे रिकामटेकडे बसलो होतो. मी, म्हणजे गल्लीतला चावीवाला. शेजारची किराणावाली मावशी, जिचं स्वतःच्या गिऱ्हाइकापेक्षा आमच्या गप्पांकडे जास्त लक्ष. आणि घड्याळकाका. काकांनी आयुष्यभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली. आता दुकान बंद, काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण माणूस अजून असा वेळेवर, की ते फिरायला निघालेले दिसले की मावशी शटर उघडते. त्यांची मिशीसुद्धा घड्याळातली. दोन्ही टोकं वर वळलेली, बरोब्बर दहा वाजून दहा मिनिटं. माझी मिशी म्हणजे बुटाचा ब्रश, पण मला ती भारी प्रिय.

झालं होतं एवढंच. काका त्यांच्या परसातल्या कांद्याच्या रोपांबद्दल सांगत होते, आणि मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, “कांद्याला कसली आलीय अक्कल? मातीत पुरला की आला.”

“पुरलास की कुजला,” काका म्हणाले. “मुळं तेवढी आत, बाकी सगळा वर. कांद्याचे खांदे मातीबाहेर पाहिजेत.”

“खांदे? मग मापं घेऊन कोटच शिवू ना एकेकाला!”

बाक हसला. काकाही हसले, पण त्यांच्या मिशीचं एक टोक जरा फुरफुरलं. “किल्ल्या,” ते म्हणाले, मला ते किल्ल्याच म्हणतात, “तू लावून दाखव. रोपं मी देतो. माझ्यातलीच अर्धी घेऊन जा.”

अशी लागली पैज. दोघांची रोपं एकच, दोघांचं परस जवळजवळ सारखं, माझं दुकानाच्या मागेच, मधे छातीएवढी भिंत. काढणीच्या रविवारी प्रत्येकाने आपला सगळ्यात मोठा कांदा आणायचा, मावशीच्या काट्यावर ठेवायचा. जो हरेल त्याने सलूनच्या खुर्चीत बसायचं. खुर्ची गल्लीच्या मधोमध. मिशी अर्धी उतरवायची. अर्धीच! आणि आठवडाभर तसंच फिरायचं.

“अर्ध्याचं अर्धंच बिल लावेन,” सलूनवाला म्हणाला.

*

काकांनी रोपं खरंच दिली. खोक्यात बी टाकून वाढवलेली, पेन्सिलीएवढी जाड झालेली, ओल्या फडक्यात गुंडाळून. देताना भिंतीवरून शिकवणीही दिली. शेंडा थोडा छाट, मुळं थोडी छाट, बोटभर खोल, दोन रोपांत चार बोटं अंतर. तण उगवू देऊ नकोस, कांद्याची पात सुईसारखी, तिच्या सावलीत तण दबत नाही. पाणी थोडं थोडं. खत बेतानं.

मी सगळं ऐकलं आणि माझ्या पद्धतीनं केलं. म्हणजे खत ओतलं. माझं म्हणणं, माणूस जेवढा खातो तेवढा सुटतो, मग कांद्याला वेगळा कायदा का? माझी पात अशी माजली की बायको म्हणाली, “हे कांदे आहेत का झाडू?” मानाही अंगठ्याएवढ्या जाड. आणि खाली बघावं तर पोटच नाही! काकांकडे पात माझ्या निम्मी, पण बुडाशी मातीला तडे जायला लागले होते. आतून कोणीतरी दार ढकलतंय तसे.

“दिवस पुरेसा मोठा झाला की याला आपोआप कळतं,” काका एका सकाळी खुरप्याच्या टोकानं माती बाजूला सारत म्हणाले. “आता पात पुरे, आता पोट धरायचं. ना चावी, ना बॅटरी. पण वेळ चुकत नाही.” एकेका कांद्याभोवतीची माती ते बोटांनी हलकेच मागे ओढत होते, घड्याळाचं झाकण काढावं तशी. वर गुलाबी गोल खांदे उघडे पडत होते. “असं मोकळं केलं की फुगतो. माती चढली की गुदमरतो, मान जाड करून बसतो. तुझ्यासारखी.”

त्या दिवशी मला माझी मिशी आरशात जरा जास्तच सुंदर दिसली.

आता माझ्या खोड्यांबद्दल थोडं सांगायला पाहिजे. गल्लीत असा एक माणूस नाही ज्याची मी खोडी काढली नाही. सलूनवाल्याच्या कपाटात मी गजर लावलेलं घड्याळ कुलूपबंद केलंय. मावशीच्या काट्याखाली लोहचुंबक चिकटवून तिला तिचेच बिस्किटाचे पुडे जड करून दाखवलेत. पण माझा एक नियम. खोडी काढली की संध्याकाळच्या आत टाळी वाजवून सांगायचं, “मीच तो!” सांगितल्यावर सगळे हसतात, ज्याची काढली तो शिव्या देतो आणि मग हसतो. सांगण्यातच खरी मजा.

काका दुपारी जेवून झोपायचे. झोपही घड्याळासारखी, मावशीच्या दुकानात पावाची गाडी आली की डोळा लागायचा आणि शाळा सुटायच्या आवाजाला उघडायचा. तेवढ्या वेळात मी भिंतीवरून पलीकडे गेलो आणि त्यांच्या कांद्यांचे खांदे झाकून टाकले. सगळे! मातीची छान रजई पांघरली, वरून हातझाडूनं माझ्या पावलांचे ठसे पुसले. हसू असं येत होतं की पोट दाबून धरलं. संध्याकाळी सांगणारच होतो.

पण संध्याकाळी काका भिंतीशी आले आणि म्हणाले, “झारीचं पाणी जरा जोरात पडलं बहुतेक. माती ओघळली.”

आणि मी गप्प बसलो. सांगितलं तर पैजेचं काय? सांगितलं की ते पहारा देणार, त्यांचे कांदे फुगणार, माझी मिशी जाणार. म्हटलं, एकदम शेवटच्या रविवारी सांगू. मोठी खोडी, मोठी टाळी.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा माती काढली. दुपारी मी पुन्हा चढवली. मग रोजचंच झालं. ते सकाळी उघडायचे, मी दुपारी झाकायचो. त्यांनी झारी बदलली. मग वाफ्याच्या कडेला विटा लावल्या. मग एक दिवस मांजरावर संशय आला, तर माझ्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून बघत मीच म्हटलं, “हो हो, तो पांढरा बोका असेल!” तेव्हा अजून हसू येत होतं. थोडं कमी, पण येत होतं.

नंतर ते मला काही सांगेनासे झाले. सकाळी वाफ्यासमोर नुसते उभे राहायचे. खुरपं हातात, आणि कांद्यांकडे बघत ओठ हलवायचे, मनातल्या मनात काहीतरी लावून बघत असल्यासारखे. बाकावरही कमी यायला लागले. मावशी एकदा म्हणाली, “काका आज दोनदा फिरायला निघाले की काय? मी शटर उघडून बसले तर परत दिसले.” सलूनवाला म्हणाला, “वय झालं.” मी माझ्या मिशीला हात लावला आणि विषय बदलला.

*

काकांची मुलगी दुकानात आली तेव्हा मी एका जुन्या कपाटाच्या कुलपाशी झटत होतो. ती एरवी लांबूनच “काय दादा” म्हणून जायची. आज आत आली, स्टुलावर बसली, पर्समधून चावी काढून काउंटरवर ठेवली. काकांच्या घराची चावी. मीच बनवलेली होती कधीतरी.

“हिची एक डुप्लिकेट पाहिजे, दादा.”

“का हो ताई? काकांनी हरवली?”

“नाही. एजंटला द्यायची आहे, घर दाखवायला.” तिनं रुमालानं गळा पुसला. “बाबांना माझ्याकडे नेतेय. आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही.”

माझ्या हातातली कानस थांबली. “काय झालं? बरे दिसतात की.”

“दिसतात. आधी मलाही पटत नव्हतं. एकदा चष्मा पातेल्यात सापडला, तर मी हसले. पण ते स्वतःच म्हणाले, मला आठवत नाही. बाबा! ज्यांना माझ्या शाळेच्या बसचा नंबर अजून पाठ आहे.” ती थांबली. “ते कांदे लावलेत ना. ते म्हणतात, मी रोज सकाळी माती काढतो, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर काढलेलीच नसते. म्हणजे मला वाटतं मी काढली. एक दिवस खूण म्हणून काडी रोवली, तर दुसऱ्या दिवशी काडीही नव्हती.”

काडी. मला वाटलं होतं कचरा आहे. उचलून खिशात टाकली होती, दात कोरायला.

“मला फोनवर म्हणाले, मी आज गॅस बंद केला का ते तीनदा बघितलं,” ती म्हणाली. “बंदच होता. पण आता स्वतःवर विश्वासच राहिला नाही त्यांचा. परवा म्हणाले, तू म्हणशील तसं. बाबा कधी कोणाला असं म्हणालेत? तुम्हीच सांगा.”

मी काउंटरवरची चावी उचलली, तिचे दात मोजत बसलो.

“या मापाची कोरी चावी संपलीय,” मी म्हटलं. माझ्या मागे भिंतीला त्या मापाच्या कोऱ्या चाव्यांचा गुच्छ लटकत होता. “रविवारी देतो.”

“रविवारी तुमची ती पैज आहे ना? बाबा म्हणत होते, ती झाली की निघू. तेवढी हौस पुरी होऊ दे.” तिनं चावी तिथंच ठेवली. “बरं झालं हो दादा, तुम्ही शेजारी आहात. तुमच्यामुळे मन रमतं त्यांचं.”

ती गेली आणि मी कपाटाचं कुलूप उघडायच्या ऐवजी मोडून ठेवलं.

*

बायकोपासून काही लपत नाही. जेवताना तिनं माझा कोपर धरला. “भिंतीचा चुना लागलाय. रोज लागतो. दुपारी कुठं उडतोस?”

सांगितलं. सगळं. तिनं ताट बाजूला सारलं.

“खोडी काढायची तर जाग्या माणसाची काढ,” ती म्हणाली. “जा आत्ता. सांगून ये.”

“जातो ना. पण आधी नीट करतो. कांदे उघडे करून ठेवतो, त्यांना वाटेल सगळं ठीक झालं. मग आपोआप…”

“आपोआप?”

“अगं, न बोलता काम होत असेल तर…”

“तुला बोलायचं नाहीये,” ती म्हणाली आणि उठली. “मिशीला जपतोयस.”

खरं तर मिशीचं नव्हतं आता. पण ते तिला कसं सांगू? काकांच्या डोळ्यांत बघून “मीच तो” म्हणायचं होतं, आणि या वेळी कोणी हसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंत ओलांडली. या वेळी भलं करायला. बघतो तर सकाळी काकांनी मातीला हातच लावला नव्हता. सोडून दिलं होतं त्यांनी. मी गुडघ्यावर बसलो आणि एकेक कांदा मोकळा केला, त्यांनी दाखवलं होतं तसा, बोटांनी, हळूहळू. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. कांदे लहानच राहिले होते. रोजच्या उकराउकरीत बारीक पांढरी मुळं तुटून वर आली होती, दोऱ्याच्या टोकांसारखी. ती मी पुन्हा आत दाबली. जणू काही ती दबणार होती!

संध्याकाळी भिंतीवर दोन हात दिसले. काका उभे होते. मिशीची टोकं खाली आली होती. दहा वाजून दहाची आठ वाजून वीस मिनिटं झाली होती म्हणा, किंवा काटेच सैल पडले होते.

“किल्ल्या, तू दुपारी मागच्या खिडकीशी असतोस ना?”

“असतो की.”

“आज मी वाफ्यात बसलो होतो का रे?” आवाज अगदी हळू, कोणी ऐकू नये असा. “कारण मी ठरवलं होतं, आज हात लावायचा नाही. आणि आता बघतो तर सगळे उघडे. माझ्याशिवाय कोण करणार? आधी वाटलं होतं, तुझीच काहीतरी खोडी. पण तू असतास तर संध्याकाळपर्यंत सांगितलं असतंस. तेवढं मी तुला ओळखतो.”

दार उघडं होतं, सताड. नुसतं पाऊल टाकायचं होतं.

“पाहिलंस का मला?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “पाहिलं ना काका. बसला होतात की तुम्ही. मी हाकसुद्धा मारली.”

का म्हणालो, अजून कळत नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून? की मला सुटका पाहिजे होती म्हणून? हाक मारल्याचं तर कोणी विचारलंही नव्हतं. खोटं बोलायची सवय असली की माणूस वर फुकट एक टाकतो.

काकांनी मान हलवली. चेहऱ्यावरचा ताण गेला, आणि त्याच्यासोबत आणखीही काहीतरी गेलं. “म्हणजे मीच,” ते म्हणाले. “ठीक. निदान कळलं.” मग वाफ्याकडे बघून जरासे हसले. “याला बघ, कळतं दिवस केवढा झाला ते. मला कळेना झालंय. रविवारी जातो मुलीकडे. बरी आहे ती.”

ते आत गेले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. खिशात हात घातला तर ती काडी हाताला लागली.

*

रविवारी गल्ली भरली होती. पैज म्हटल्यावर वरच्या गल्लीतलेही आले. सलूनवाल्यानं खुर्ची मधोमध आणून ठेवली होती, तिच्यावर पांढरं कापड, बाजूला वाटीत फेस. मावशीनं काटा पुसून चकचकीत केला होता. “आज खाली लोहचुंबक नाही, बघून घ्या,” ती म्हणाली आणि माझ्याकडे डोळे वटारले. लोक हसले. मला हसता आलं नाही.

काकांची मुलगी दाराशी उभी होती. पायरीवर एक बॅग.

काकांनी आपला कांदा आणला. फडक्यात गुंडाळलेला, माती झटकलेली, मान नीट वाळलेली. सुरेख गोल होता. पण लहान. लिंबापेक्षा मोठा, मुठीपेक्षा लहान. गल्लीतून “अरेरे” निघालं.

माझे बाकीचे सगळे कांदे नुसत्या माना. पण एका कोपऱ्यात एकाच सालीत दोन जुळे चिकटले होते, वेडेवाकडे, वर लाकडासारखी मान. तो काट्यावर ठेवला. काटा माझ्या बाजूला झुकला. तोही कसा, धाडकन!

“चावीवाला जिंकला!” मावशी ओरडली.

टाळ्या. शिट्ट्या. कोणीतरी माझ्या पाठीत धपका घातला. मी काकांकडे बघितलं. ते खुर्चीत जाऊन बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर. सलूनवाल्यानं गळ्याभोवती कापड गुंडाळलं, फेसात ब्रश बुडवला.

“कर बाबा,” काका म्हणाले. “थांबवून टाक घड्याळ.”

लोक हसले. त्यांच्या मुलीनं तोंड फिरवलं. ब्रश मिशीकडे निघाला.

“थांब!” मी ओरडलो. “उठा काका, उठा. खुर्ची माझी आहे.”

“काय रे, जिंकल्यावर पण दाढी पाहिजे?” सलूनवाला म्हणाला.

“मी जिंकलो नाही. त्यांचे कांदे मी दाबले.” बोलायला लागल्यावर आवाज चिरकत होता. “रोज दुपारी. हे झोपले की मी भिंतीवरून जायचो. हे सकाळी माती काढायचे, मी परत चढवायचो. ठसे पुसायचो. यांनी खुणेला काडी लावली, तीपण मीच उचलली.” खिशातून काढून दाखवली. मूर्खासारखी, एवढ्या लोकांत, एक काडी.

कोणीतरी हसायला सुरुवात केली होती, तो थांबला.

काका खुर्चीतच होते. कापड गुंडाळलेलं. “झाकत होतास तू,” ते म्हणाले.

“मी.”

“आणि परवा उघडे केलेस?”

“मीच. वाटलं, नीट होईल.”

“मी बसलेलो पाहिलंस म्हणालास ते?”

“खोटं.” हा शब्द सगळ्यात जड गेला. “हाक मारली तेही खोटं.”

त्यांची मुलगी पायऱ्या उतरून आली. मला वाटलं, थोबाडीत बसेल, आणि बसावी असंही वाटलं. ती समोर उभी राहिली. “मी तुम्हाला थँक्यू म्हणाले होते, दादा,” ती म्हणाली. बस, एवढंच. थोबाडीत परवडली असती.

“थांब जरा,” काका तिला म्हणाले. मग माझ्याकडे. डोळे बारीक झाले होते, भिंगातून घड्याळात बघताना व्हायचे तसे. “आणि किल्ल्या, तो पातेल्यातला चष्मा? तोही तूच ना?”

सगळी गल्ली माझ्याकडे. मुलगीही. आता काय, एवढं अंगावर घेतलं तर अजून एक चष्मा काय जड होता? “हो” म्हटलं असतं की सगळा हिशोब मिटला असता. काका धुतल्या तांदळासारखे, बॅग आत, मुलगी निर्धास्त. जीभ अर्धी वळलीसुद्धा होती. पण मग मला ती संध्याकाळ आठवली, भिंतीवरचे दोन हात, आणि मी त्यांना बरं वाटावं म्हणून दिलेलं ते उत्तर.

“नाही,” मी म्हटलं. “चष्मा मी नाही, काका. त्याचं मला माहीत नाही.”

मुलीचा चेहरा पडला. मावशी हळूच “च् च्” म्हणाली.

काका मात्र खुर्चीत मागे टेकले. “नाहीच,” ते म्हणाले. “तो मीच कोमट पाण्यात भिजत घातला होता, नाकपट्टीची घाण निघावी म्हणून. तेवढ्यात फोन आला.” ते मुलीकडे वळले. “तुझाच. तासभर बोललीस, पाणी गार झालं. नंतर तू विचारलंस तेव्हा मला कांद्यांची एवढी धास्ती बसली होती की तेही आठवेना. आत्ता आठवलं, याने काडी काढली तेव्हा. म्हटलं विचारून तर बघू, हा आता खरं बोलतोय का नुसता मोठेपणा करतोय.”

मग सलूनवाल्याच्या तोंडून निघालं, “अहो, हे तर आपल्या सगळ्यांना विकून खातील!” आणि हसण्याचा स्फोट झाला. मुलगी हसली नाही. वडिलांसमोर उकिडवी बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. “बाबा, मग?”

“मग काय. बॅग घेऊन आत जा, चहा टाक.” मग आवाज उतरवून, “मी म्हातारा झालोय, ते खरंच आहे. ते बघू. पण ते माझं मी बघेन, याच्या मातीतून नको.”

तिनं मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे. उठताना ती माझ्याजवळ आली. “चावी तयार आहे का?”

मी खिशातून काढून दिली. त्या दिवशी सकाळीच बनवली होती.

“एजंटला नाही देत,” ती म्हणाली. “पण माझ्याकडे राहू दे. तुमच्या भरवशावर नाही ठेवणार आता.”

बरोबर होतं.

काकांनी गळ्याचं कापड सोडलं, उठले आणि खुर्चीकडे हात केला. मी बसलो. कापड माझ्या गळ्यात आलं. सलूनवाला वस्तरा घेऊन पुढे झाला तर काकांनी त्याच्या हातातून तो घेतला.

“मी करतो,” ते म्हणाले.

“काका, हात…” कोणीतरी म्हणालं.

“हात अजून हलत नाही माझा. याचं तोंड हलतं, तेवढं धरा.”

लोकांनी कडं केलं. बायको दारात येऊन उभी होती, हाताची घडी घालून. थंड फेस, मग थंड पातं. काका अगदी जवळ वाकले, एक डोळा मिटून. हात खरंच हलत नव्हता.

“मिशी येईल परत, किल्ल्या,” ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले. पातं माझ्या ओठावर होतं, म्हणजे मी बोलू शकत नव्हतो, आणि त्यांना तेच पाहिजे होतं. “मी पडल्या पडल्या आदला दिवस मोजायचो. आधी काय केलं, मग काय केलं. एकेक काम. कुठं तरी चाकाचा दात निसटायचा आणि मला वाटायचं, संपलो. ते कसं परत आणणार तू?”

त्यांनी फेस पुसला. मिशीचा डावा भाग गेला होता, उजवा ब्रश तसाच.

“आता नुसता तासकाटा राहिला!” मावशी ओरडली आणि गल्ली खदखदली. वरच्या गल्लीतल्या एकानं फोटो काढला. मीही दात काढले, पैजेचा नियम म्हणून. काकांनी आरसा माझ्यासमोर धरला आणि खाली घेतला नाही. मी बघेपर्यंत धरून ठेवला.

“बघ नीट,” ते म्हणाले. “आणि उद्यापासून भिंतीवरून यायचं नाही. दारातून ये. बेल वाजवून. मी जागा असताना.”

“हो काका,” मी म्हटलं. अर्ध्या ओठाला वारा गार लागत होता.